तुपाचे नाव आणि तिळाची साक्ष

सणासुदीचे दिवस जवळ आले की राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची पथके बाहेर पडतात. खवा, तूप, खाद्यतेल यांचे साठे जप्त होतात, वृत्तपत्रांतून किलोंचे आणि रुपयांचे आकडे छापून येतात, आणि दिवाळीचा फराळ संपला की सारे विस्मृतीत जाते. जप्त मालाच्या नमुन्यांचे पुढे काय झाले, किती अहवाल मुदतीत आले, किती प्रकरणांत दंड वा शिक्षा झाली, याचा हिशेब मागण्याची सवय समाजाला नाही आणि तो आपण होऊन देण्याची सवय शासनाला नाही. भेसळीविरुद्धचा लढा हा अशा रीतीने वर्षातून दोन-चार आठवड्यांचा उपचार होऊन बसला आहे.

ज्यांचे वेतन ठरलेले असते आणि खर्च मात्र ठरलेला नसतो, अशा शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या घरांना या उदासीनतेची किंमत सर्वाधिक मोजावी लागते. पिंप्राळ्याचेच उदाहरण घ्यावे. एकेकाळी जळगावच्या वेशीबाहेर असलेले, आषाढी एकादशीच्या रथासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध असलेले हे गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत सामावले आहे. ज्या पिढीच्या दाराशी गोठा होता, तिच्या नातवंडांना दूध, तूप, तेल, डाळ, हळद, तिखट, सारेच दुकानातून आणावे लागते. विकत घेणाऱ्यापाशी परीक्षेची साधने तीनच: डोळे, नाक आणि दुकानदाराचा शब्द. भेसळ करणारा या तिन्ही साधनांचा अभ्यास गिऱ्हाइकाहून अधिक कसोशीने करीत असतो. ज्या गोष्टीची पारख व्यक्तीला शक्य नाही, तिची पारख समाजाच्या वतीने शासनाने करावयाची, हे तत्त्व म्हणूनच आधुनिक राज्यव्यवस्थेत रूढ झाले. या कर्तव्याचा प्रारंभ कसा झाला, तो कोठे फळाला आला आणि कोठे अडखळला, हे पाहण्यासाठी खानदेशाला दूर जावयास नको. तुपाच्या आणि वनस्पतीच्या इतिहासातील एक प्रकरण त्याच्या अंगणातच घडले आहे.

अंमळनेरचा डबा

खानदेश हा कपाशीचा आणि भुईमुगाचा मुलूख. सरकी आणि शेंगदाणा यांवर येथील घाणे आणि पुढे तेलगिरण्या पोसल्या गेल्या. या मुलखात, तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यातील अंमळनेर येथे, मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' या कंपनीचा कारखाना उभारला. कंपनीची स्थापना २९ डिसेंबर १९४५ची. वनस्पती तूप आणि धुण्याचा साबण ही तिची आरंभीची उत्पादने होत. पुढे 'विप्रो' या नावाने संगणकाच्या क्षेत्रात जगभर गेलेल्या उद्योगाचे मूळ या तेलाच्या व्यवसायात आहे, ही गोष्ट खानदेशाबाहेर अनेकांना ठाऊक नसते.

वनस्पती तूप म्हणजे घट्ट केलेले तेल. निकेल धातूच्या भुकटीच्या सान्निध्यात तेलातून हायड्रोजन वायू सोडला की पातळ तेल थिजते, रवाळ होते आणि अधिक काळ टिकते. हा पदार्थ प्रथम परदेशातून आला. १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आला आणि त्याचा इतका प्रसार झाला की ते नाव सर्वच वनस्पती तुपाचे सामान्यनाम बनले. महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर या धंद्याची वाढ झपाट्याने झाली. ज्यांना दुधाचे तूप परवडत नव्हते त्यांच्या चुलीवर तळणाला एक स्वस्त साधन आले. लग्नकार्याच्या पंगतीत, खाणावळीत, मिठाईच्या दुकानात डालड्याचे डबे रांगेने दिसू लागले.

स्वतःच्या नावाने विकला जाईपर्यंत या पदार्थात फसवणूक नव्हती. अडचण त्याच्या रूपात होती. दुधाच्या तुपासारखाच त्याचा रवा, तसाच त्याचा घट्टपणा. किंमत मात्र कितीतरी कमी. चांगल्या तुपात त्याचा काही भाग मिसळला तर वास तुपाचा येई, रवा तुपाचा दिसे आणि नफा मिसळणाऱ्याचा होई. कारखान्याच्या दारातून सचोटीने बाहेर पडलेला डबा वाटेत कोठेतरी आपले नाव बदलीत असे. हा बदल घडविणारे हात कारखान्यात नव्हते. ते घाऊक पेढीवर, आठवडे बाजारात, कित्येकदा फिरत्या विक्रेत्याच्या घागरीपाशी होते. त्यामुळे त्यांना पकडणे अवघड होते.

अपायाकडून ओळखीकडे

या अवघडपणाचे एक कारण कायद्यातच होते. १८६०च्या भारतीय दंडसंहितेत कलम २७२ आणि २७३ अन्नातील भेसळीविषयीच होती. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, ही त्या काळी लहान शिक्षा नव्हे. परंतु ती लागू होण्यासाठी अन्न अपायकारक झाले आहे हे सिद्ध करावे लागे. तुपात वनस्पती मिसळले, दुधात पाणी घातले, तर खाणारा नागविला जातो. त्याला विषबाधा होत नाही. अशा फसवणुकीपुढे दंडसंहिता हतबल होती.

इंग्लंडलाही हा धडा उशिराच उमगला होता. तेथे १८२० मध्ये फ्रेडरिक ॲकम या रसायनशास्त्रज्ञाने पाव, चहा, बिअर यांतील भेसळ उघड केली. १८५०च्या दशकात आर्थर हिल हॅसल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेल्या नमुन्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने विक्रेत्यांच्या नावानिशी छापले. १८५८ मध्ये ब्रॅडफर्ड येथे सोमल पडलेल्या गोळ्या खाऊन सुमारे २० जणांचा बळी गेला. दोन वर्षांत पहिला कायदा झाला, पण तो दुबळा ठरला. १८७५च्या कायद्याने खरी दिशा दिली. गिऱ्हाइकाने मागितलेल्या वस्तूचा जो स्वभाव, जे द्रव्य आणि जो दर्जा असावयास हवा तो नसलेली वस्तू त्याला विकणे, हाच गुन्हा ठरला. अपाय झाला की नाही हा प्रश्न त्यामुळे गौण झाला; मागितले ते मिळाले की नाही हा मुख्य झाला. मुंबई इलाख्यात १८९९ मध्ये आणि नंतर अधिक विस्ताराने १९२५ मध्ये भेसळ प्रतिबंधक कायदे झाले. १९५४च्या अखिल भारतीय कायद्यात भेसळीची व्याख्या करताना स्वभाव, द्रव्य आणि दर्जा ही इंग्रजी त्रयी जवळजवळ जशीच्या तशी उतरली.

याच काळात कलकत्त्यात जे घडले ते उद्बोधक आहे. १९१७ मध्ये तेथील तुपात जनावरांची चरबी मिसळली जात असल्याचे उघडकीस आले आणि सारे शहर खवळले. शेकडो ब्राह्मण हुगळीच्या तीरावर प्रायश्चित्तासाठी जमले. मारवाडी समाजाच्या पंचायतीने दोषी व्यापाऱ्यांना दंड केला. आणि लोकक्षोभाच्या दडपणाने सरकारने त्याच वर्षी तुपाविषयीचा कायदा मंजूर केला. धर्मभावना दुखावली म्हणून शासन हलले, ही त्या घटनेची एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी की, पंचायतीचा दंड हा आपल्याच जातीतील व्यापाऱ्यावर चालतो. रासायनिक परीक्षेचा निकाल मात्र कोणालाही लागू पडतो. धर्माच्या धाकाची जागा प्रयोगशाळेने घेणे अपरिहार्य होते. तरीही तुपाशी जडलेली भावना ओसरली नाही. २०२४ मध्ये तिरुपतीच्या लाडवातील तुपावरून देशभर वादळ उठले आणि सर्वोच्च न्यायालयाला विशेष तपास पथक नेमावे लागले. एका शतकाच्या अंतराने त्याच पदार्थावरून तोच क्षोभ उसळावा, यावरून तुपाच्या नावात किती विश्वास साठविलेला आहे हे ध्यानी येते.

डब्यातच पेरलेला साक्षीदार

वनस्पती तुपाच्या बाबतीत शासनापुढे तीन मार्ग होते. पहिला, त्यावर सरसकट बंदी घालण्याचा. गांधीजींनी १९४६ मध्ये 'हरिजन'मधून या प्रश्नावर परखड लिहिले होते. स्वातंत्र्यानंतर पंडित ठाकुरदास भार्गव यांनी वनस्पतीच्या बंदीसाठी संसदेत खासगी विधेयक आणले आणि त्यावर देशभर चर्चा झडली. परंतु दुधाचे तूप सर्वांना पुरेल इतके नव्हते, तेलाचा मोठा उद्योग उभा राहिला होता आणि उंदरांवरील तत्कालीन प्रयोगांत अपाय आढळला नाही असे सांगितले जात होते. बंदी आली नाही.

दुसरा मार्ग रंगाचा. वनस्पतीला असा एखादा रंग द्यावा की ते तुपात मिसळताच उघडे पडेल, ही सूचना वर्षानुवर्षे चर्चिली गेली. रतनज्योतीच्या मुळीपासून मिळणारा तांबडा रंगही सुचविला गेला. पण तेलात विरघळणारा, खाण्यास निर्धोक, उष्णतेने न उडणारा आणि शोषक मातीने गाळून काढता न येणारा रंग हाती लागेना. शिवाय रंगामुळे गरिबाच्या ताटातील पदार्थच किळसवाणा होणार होता. अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्याने मार्गरीनला गुलाबी रंग देण्याची सक्ती केली होती. ती म्हणजे आडमार्गाने घातलेली बंदीच होय, अशा विचाराने तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये ती रद्द ठरविली.

तिसरा मार्ग अदृश्य खुणेचा होता आणि तो जर्मनीने दाखविला होता. लोण्यात मार्गरीन मिसळले जाऊ नये म्हणून जर्मनीने १८९७च्या कायद्याने मार्गरीनमध्ये दहा टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती केली. तिळाचे तेल खाण्यास उत्तम, चवीला निरुपद्रवी, डोळ्यांना न दिसणारे. पण तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युराल यांच्याबरोबर ते हलविले की आम्लाचा थर गुलाबी-तांबडा होतो. बोदुआँ या फ्रेंच रसायनज्ञाच्या नावाने ही परीक्षा ओळखली जाते. हिंदुस्थान सरकारने वनस्पतीविषयक १९४७च्या नियंत्रण आदेशान्वये हीच युक्ती स्वीकारली. प्रत्येक वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचे तेल असलेच पाहिजे, असा दंडक झाला. १९५४च्या कायद्याखालील नियमांतही तो कायम राहिला, आणि दुधाच्या तुपाची बोदुआँ परीक्षा नकारार्थी आलीच पाहिजे अशी जोड त्याला मिळाली.

या नियमाचे महत्त्व तो किती कठोर आहे यात नव्हते. पाच टक्के तिळाच्या तेलाने कारखान्याचे दिवाळे निघत नव्हते, गरिबाच्या फोडणीचा स्वाद बिघडत नव्हता आणि निरीक्षकाच्या मर्जीवर काही अवलंबून राहत नव्हते. अंमळनेरचा असो वा मुंबईचा, वनस्पतीचा प्रत्येक डबा आपला साक्षीदार पोटात घेऊनच बाहेर पडे. पुढे त्याला कोणी कोणत्याही घागरीत ओतले, तरी परीक्षानळीत तो साक्षीदार बोलू लागे. ज्या प्रयोगशाळेत मोठी यंत्रे नव्हती तेथेही ही परीक्षा काही मिनिटांत होत असे. भेसळ प्रतिबंधाच्या आरंभीच्या इतिहासात शासनाने योजलेल्या उपायांपैकी हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शहाणा उपाय होता, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट होत्या. हा साक्षीदार एकाच साथीदाराला ओळखत होता. तुपात चरबी मिसळली, तीळ नसलेले दुसरे एखादे तेल मिसळले, तर तो मूक राही. काही कोळशापासून बनविलेले रंग नुसत्या आम्लानेही तांबडे होत; त्यामुळे अननुभवी हातांकडून निरपराध्यावर ठपका येण्याचा संभव होता. म्हणून तुपाच्या स्निग्धाम्लांच्या मोजमापाच्या इतर परीक्षा आवश्यक होत्या, आणि तेथे एक निराळाच प्रश्न उभा राहिला. ज्या प्रदेशांत गुरांना सरकी भरपूर चारतात तेथील शुद्ध तुपाचेही रासायनिक आकडे इतर प्रदेशांतील तुपाहून निराळे येतात. गंगेच्या खोऱ्यातील तुपाचे माप कपाशीच्या मुलखातील तुपाला लावले तर प्रामाणिक शेतकरीच गुन्हेगार ठरावयाचा. म्हणून नियमांत महाराष्ट्रासाठी 'कपाशीचा पट्टा' आणि 'इतर प्रदेश' अशी वेगळी प्रमाणे घालण्यात आली. दिल्लीत बसून केलेल्या नियमालाही गोठ्यातील गव्हाणीकडे पाहावे लागते, हे यावरून दिसून येते.

घागर सापडते, पेढी निसटते

१ जून १९५५ पासून अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा अंमलात आला. अन्न निरीक्षकाने साक्षीदारासमक्ष नमुना विकत घ्यावयाचा, त्याचे तीन भाग करून मोहोरबंद करावयाचे, एक सरकारी विश्लेषकाकडे पाठवावयाचा आणि आरोपीने मागणी केल्यास दुसरा भाग केंद्रीय प्रयोगशाळेकडे जावयाचा, अशी पद्धत ठरली. हे काम बहुतांशी नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांकडे होते. पद्धत काळजीपूर्वक आखलेली होती. परंतु ती जितकी काटेकोर तितक्या तिच्यातून निसटण्याच्या फटी अधिक.

महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात, १९७०च्या दशकाच्या मध्यास, नमुन्याचे वजन नियमातील वजनाहून कमी होते एवढ्याच कारणास्तव आरोपीला लाभ मिळाला. ही भूमिका १९७८ मध्ये त्याच न्यायालयाने बदलली. दरम्यानच्या काळात देशभर कित्येक खटले त्या एका मुद्द्यावर अडले. त्याआधी १९६७ मध्ये दिल्लीच्या दह्याच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले होते की, खटला भरण्यास इतका विलंब झाला की नमुना सडून गेला आणि आरोपीचा फेरतपासणीचा हक्कच नष्ट झाला, तर शिक्षा टिकणार नाही. हा न्याय योग्यच होता. दोष न्यायालयाचा नव्हता; नमुना वेळेवर न पोचविणाऱ्या व्यवस्थेचा होता.

उलटपक्षी, जेथे पुरावा भक्कम होता तेथे न्यायालये कचरली नाहीत. सॅकरिन आणि सायक्लामेट ही कृत्रिम मधुर द्रव्ये घातलेल्या सुगंधी सुपारीचा महाराष्ट्रातील खटला १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. सुपारी हे अन्नच नव्हे, असा बचाव करण्यात आला होता. न्या. कृष्ण अय्यर यांनी तो फेटाळला आणि समाजाच्या संरक्षणाचा प्रश्न असताना आरोपीला परिवीक्षेची सवलत देणे उचित नाही, असा निर्वाळा दिला.

शिक्षा मात्र वाढत गेल्या. १९६४च्या दुरुस्तीने किमान सहा महिने कैद आणि एक हजार रुपये दंड ठरला. १९७६ मध्ये प्राणघातक भेसळीसाठी जन्मठेपेपर्यंत मजल गेली. कागदावर कायदा जसजसा उग्र झाला, तसतसा तो कोणावर चालतो हा प्रश्न अधिक टोचू लागला. कायद्यात विक्रेत्यासाठी एक बचाव होता: परवानाधारक उत्पादकाकडून वा व्यापाऱ्याकडून लेखी हमीसह माल घेतला असेल आणि तो जसाच्या तसा विकला असेल, तर विक्रेता सुटे. ज्याच्याजवळ पक्की पावती आहे त्या दुकानदाराला हा आधार होता. डोक्यावर घागर घेऊन येणाऱ्या दूधवाल्याजवळ, आठवडे बाजारात सुटे तूप विकणाऱ्या म्हातारीजवळ पावती कोठली? माल कोठे बिघडला हे तिला सांगता येत नसे आणि ते शोधण्याचे श्रम यंत्रणा घेत नसे. अशा रीतीने साखळीतील शेवटची कडी तुरुंगात जाई आणि पहिली कडी पुढच्या बाजाराची तयारी करी.

यंत्रणाच कुचकामी झाली तर कडक कायदाही काय करणार, हे १९८६ मध्ये महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन पाहिले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने पुरवठादारापासून रुग्णालयापर्यंत आणि अन्न व औषध प्रशासनापासून मंत्रालयापर्यंत सर्वांच्या निष्काळजीपणावर बोट ठेवले. तो विषय औषधांचा होता. पण अन्नाच्या आणि औषधाच्या तपासणीची धुरा वाहणारी यंत्रणा तीच आहे, हे विसरता येत नाही.

नाव खरे, पण पदार्थ?

तुपाच्या या दीर्घ वादात उभय पक्षांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली होती. सारे लक्ष वनस्पतीने तुपाचे नाव घेऊ नये याकडे होते. वनस्पती स्वतःच्या नावाने विकले जात असेल तर कायद्याचे समाधान होत असे. तेल अर्धवट घट्ट करताना त्यात 'ट्रान्स' जातीची स्निग्धाम्ले तयार होतात आणि ती रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवून उपकारक कोलेस्टेरॉल घटवितात, हे १९९०च्या सुमारास झालेल्या संशोधनाने ठळकपणे पुढे आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ही द्रव्ये जगाच्या अन्नातून हद्दपार करण्याचे आवाहन केले. भारतात तेल-तुपातील त्यांची मर्यादा २०२१ मध्ये तीन टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्के करण्यात आली. म्हणजे ज्या पदार्थाचे नाव खरे ठेवण्यासाठी शासन अर्धशतकाहून अधिक काळ झटले, त्याच्या अंतरंगाकडे ते फार उशिरा वळले. दोन-तीन पिढ्यांनी लेबल वाचून, पैसे मोजून, कोणतीही फसवणूक न होता जो पदार्थ खाल्ला, तो हृदयाला घातक होता.

यावरून लेबलाची सक्ती निरर्थक ठरत नाही. ती अपुरी आहे, एवढेच ठरते. कायद्याला दोन प्रश्न विचारावेच लागतात: वस्तू म्हणविते ती आहे काय, आणि जी आहे ती खाण्यास निर्धोक आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर परीक्षानळी देते. दुसऱ्याचे उत्तर विज्ञानाच्या प्रगतीबरोबर बदलते, म्हणून ते पुनःपुन्हा विचारावे लागते.

खानदेशातील केळीची कथा या दुसऱ्या प्रश्नाशी निगडित आहे. जळगाव जिल्ह्याची केळी देशभर जातात. ती झटपट पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइडची पूड वापरण्याची प्रथा देशातील बाजारांत बोकाळली. त्यात सोमल आणि फॉस्फरस यांचे अंश असण्याचा धोका असल्याने तिच्यावर जुन्या नियमांतही बंदी होती आणि नव्या नियमांतही आहे. नुसत्या बंदीने प्रथा हटली नाही. फळ पिकविण्याच्या बंदिस्त खोल्यांत मर्यादित प्रमाणात एथिलीन वायू वापरण्यास मान्यता मिळाली, तेव्हा कोठे व्यापाऱ्याला कायदेशीर मार्ग उपलब्ध झाला. तिळाच्या तेलाची युक्ती आणि एथिलीनची मान्यता यांतील सूत्र एकच आहे: सचोटीने धंदा करणाऱ्याला परवडेल आणि लबाडी करणाऱ्याला झाकता येणार नाही, असा नियम टिकतो.

हक्क कागदावर राहू नये

१९५४चा कायदा जाऊन ५ ऑगस्ट २०११ पासून अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अंमलात आला. निकृष्ट दर्जाच्या मालाला पाच लाखांपर्यंत, मिथ्याछाप मालाला तीन लाखांपर्यंत दंड आणि घातक अन्नाने मृत्यू ओढवल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा, अशी त्याची रचना आहे. केवळ दर्जाच्या उणिवेसाठी फौजदारी खटल्याची दगदग न करता निर्णय अधिकाऱ्याकडून दंड व्हावा, ही सुधारणा योग्य आहे. विश्लेषकाने नमुन्याचा अहवाल १४ दिवसांत द्यावा, असे बंधनही त्यात आहे. जुन्या कायद्यात जेथे साखळी तुटत होती, तेथेच नव्या कायद्याने गाठ मारण्याचा प्रयत्न केला आहे.

ही गाठ घट्ट बसेल की नाही, हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली, प्रयोगशाळांची. नमुने जिल्ह्याबाहेर दूर पाठवावे लागले आणि तेथे त्यांचा ढीग साचला, तर १४ दिवसांचे बंधन केवळ शोभेचे ठरते. दुसरी, मागोव्याची. शेवटच्या विक्रेत्यावर दंड ठोकून प्रकरण बंद न करता पावत्यांच्या आधारे साठ्याच्या उगमापर्यंत जाण्याची सक्ती अधिकाऱ्यावर हवी. तिसरी, प्रसिद्धीची. 'लॅन्सेट'ने दीड शतकापूर्वी जे केले ते प्रत्येक जिल्ह्यात व्हावे: अंतिम निर्णय झालेल्या प्रकरणांची उत्पादकाच्या नावासह, मराठीत, नियमित यादी प्रसिद्ध व्हावी. छाप्याच्या दिवशी झालेला गाजावाजा निरपराध्यालाही बदनाम करू शकतो. निर्णयानंतरची यादी फक्त दोषीला करते.

नागरिकांच्या हातीही एक हक्क आहे, जो जुन्या कायद्यात होता आणि नव्याच्या कलम ४० मध्ये आहे. विकत घेताना दुकानदाराला तशी कल्पना देऊन कोणताही गिऱ्हाईक आपला नमुना शुल्क भरून विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. दोष आढळल्यास शुल्क परत मिळते. एकट्या कारकुनाला हा खटाटोप परवडणारा नाही. परंतु एखाद्या शाळेतील शिक्षकांनी, महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, कर्मचाऱ्यांच्या सहकारी पतपेढीने वा ग्राहक संघटनेने मिळून दर महिन्याला गावातील पाच-सहा नमुने तपासावयास पाठविले, तर त्याचा दरारा सणापुरत्या छाप्याहून निश्चितच अधिक राहील. पालेभाजीप्रमाणे तूपही पारखून घेता येते, ही जाणीव विक्रेत्याला झाली की भेसळीचे गणित बदलते.

गरज आज पूर्वीहून मोठी आहे. दुधाऐवजी वनस्पती तेल वापरून केलेला, पनीरासारखा दिसणारा पदार्थ उपाहारगृहांच्या ताटात 'पनीर' म्हणून वाढला जातो, अशा तक्रारी वारंवार होतात. स्वतःच्या नावाने तो विकण्यास कायद्याची आडकाठी नाही. पनीराच्या नावाने आहे. १९४७ साली डालड्याच्या डब्यापुढे जो प्रश्न होता तोच हा प्रश्न. फरक एवढाच की, तेव्हा शासनाने डब्यातच एक साक्षीदार पेरला होता. आज ताटातल्या पदार्थावर लेबलही नसते आणि साक्षीदारही नसतो. ती उणीव भरून काढणे हे प्रशासनाचे काम आहे. ते दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात उरकणारे नाही. वर्षाचे बाराही महिने चालणाऱ्या, हिशेब देणाऱ्या यंत्रणेखेरीज ते होणार नाही.